तीन वर्षांची धास्ती

नवऱ्याने न वाचता सही केलेला करार शैलजाबाईंनी तो वारल्यावर वाचला आणि पुढे नऊ वर्षं मिरजेच्या स्टँडसमोर ‘तेरदाळकर भडंग’ची फ्रँचायझी एकटीने चालवली.

कराराची मुदत संपली तेव्हा मालक बाळासाहेब तेरदाळकरांनी त्यांना सांगलीच्या ऑफिसात बोलावलं. शेजारी वकील बसले होते.

“यंदापासून फी दुप्पट. जमत नसेल तर उद्या पाटी उतरवा.”

“दुप्पट भरली तर दुकान बुडेल, साहेब. घर त्यावरच चालतं.”

“तो तुमचा प्रश्न. गिऱ्हाईक माझी पाटी बघून येतं. पाटी उतरली की तुमच्या दारात कुत्रंही फिरकणार नाही.”

शैलजाबाईंनी पिशवीतून जुना करार काढला आणि एक पान वकिलांपुढे धरलं. “एवढं वाचून दाखवता?”

वकिलांनी वाचलं, “करार संपल्यावर तीन वर्षं मिरजेत भडंगाचं दुकान काढायचं नाही.”

“हे कलम कुणी घातलं?”

“मीच,” बाळासाहेब म्हणाले. “धंद्यात काळजी घ्यावी लागते.”

“माझ्या दारात कुत्रंही फिरकणार नसेल, तर हे कलम आत्ता खोडा, मी उद्याच पाटी उतरवते. आणि खोडवत नसेल, तर गिऱ्हाईक मलाही ओळखतं, हे तुम्हीच लिहून दिलंय. मग फी दुप्पट कशाची?”

बाळासाहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी दुप्पट फीचा कागद बाजूला सारला.

नवा करार जुन्याच फीवर झाला. सही करण्याआधी शैलजाबाईंनी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत बाळासाहेब पेन उघडून थांबून राहिले.