न हुंगता ओळखलेली तीन फुलं

एकदा काय झालं, एका राजाच्या मुलाने देवीच्या बागेत शिरून पूजेची फुलं हुंगली. देवाचं फूल हुंगू नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण राजपुत्र पडला हावरा! खुपसलं नाक, आणि झाला धोंडा.

मग त्याची बहीण मैनावती निघाली. देवीच्या बागेवर राखणीला होता एक राक्षस. एवढा मोठा, की त्याच्या मिशीत घारींची घरटी होती, बरं का!

“मामा, माझ्या दादाला सोडा.”

“डोळे बांधून तीन फुलं ओळख. फुलाचं खरं नाव माझ्याही तोंडून निघालं, की दादा थोडा थोडा सुटेल. हुंगलंस, तर तूही धोंडा!”

पहिलं फूल हातात आलं. लांब दांडी. खालची फुलं उमललेली, वर वर जावं तशा मिटलेल्या कळ्या.

“निशिगंध!”

“निशिगंधच,” राक्षस कुरकुरला. दादाचे पाय सुटले आणि लागले की नाचायला!

मग दुसरं. गच्च पाकळ्या. शेवंती म्हणावी, तर पाकळ्यांखाली बोटाला लागली हिरवी फुगीर वाटी. मैनावती गालात हसली.

“झेंडू!”

“झेंडू,” राक्षसाने दात खाल्ले. दादा गळ्यापर्यंत सुटला. डोकं तेवढं दगडाचं राहिलं. तसं ते आधीही फारसं वेगळं नव्हतं म्हणा!

मग तिसरं. देठाला पान नाही, काटा नाही. मैनावतीला काही उमगेना. नाक तर आपोआप पुढे निघालं. तिने ते चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट देठावरून हळूच फिरवलं. इथे एक खरखरीत वण, तिथे एक. हात्तिच्या! काटे सोललेत मेल्याने!

“गुलाब!”

“चूक! कमळ आहे ते!” राक्षस धडधडीत खोटं बोलला.

तिने देठ कटकन मोडला. “कमळाच्या देठातून तंतू निघतात. याला एक तरी आहे का? अहो मामा, ते नाक आहे की भोपळा? साधा गुलाब कळेना!”

नाकाला नावं ठेवलेली राक्षसाला मुळीच खपत नसे. त्याने फूल हिसकावलं, सूंऽऽ करून हुंगलं आणि गरजला, “न कळायला काय झालं? गुलाब! गावठी गुलाब!”

झालं! नाव तोंडून गेलं, दादाचं डोकं सुटलं. आणि फूल हुंगलं म्हणून मामांचा झाला डोंगर. बहीणभाऊ त्याच्या टकलावर चढून फुगडी खेळले, मग वाजतगाजत घरी गेले. राजाने हत्तीवरून साखर वाटली. सगळे सुखाने नांदू लागले. मिटले ना डोळे सगळ्यांनी? मग निजा आता.