मैना आणि ओल्या कामट्या

बाळांनो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच. शाळा लवकर सुटली. चुका सांभाळून घ्या.

वेळूच्या बनाकाठी मैना आणि तिचे आबा राहत. आबा बुरूड, सुपं-टोपल्या विणत. घरात पीठ कमी, तरी मैना आपल्या भाकरीतला चतकोर चिमण्यांना टाकायची. तिला एकच भीती होती. अधूनमधून बनातून एक काळी सावली येई आणि तिच्या छातीवर बसे. मग तिला ना बोलवे, ना विणवे. एक दिवस ही आपल्याला गिळणार, असं तिला वाटे. आबांना काळजी नको म्हणून ती उगीच हसत राही.

एका संध्याकाळी ती ओढ्यात भिजत घातलेल्या बांबूच्या कामट्या काढायला गेली. बन एकाएकी गप्प झालं. सावली मागेच उभी होती. मैनाने हातातली कामटी घट्ट धरली. तेवढ्यात हिरव्या पानावर एक चिमुकली सोनेरी परी उतरली. पंख मोरपिशी, पायांत दवाचे पैंजण.

"चिमण्यांनी धाडलं मला. एक इच्छा माग. नियम एवढाच, जे घालवायचं त्याच्याकडे आधी नीट बघायचं."

"नको गं परीताई, ती खाईल मला."

"आजवर कितीदा खाल्लं?"

मैनाने हळूच मान वळवली. सावलीला दात नव्हते. डोळे मैनाचेच होते, रडून लाल झालेले. तीही घाबरलेली होती.

"का छळतेस मला?"

"मी कुठे छळते? तू दिवसभर हसून दाखवतेस. तुझं रडू मग सांभाळायचं कुणी?"

मैनाच्या मुठीतली कामटी वाकली, पण मोडली नाही. आबा म्हणायचेच, "कोरडी वळवलीस की तुटते, पोरी. राहू दे पाण्यात थोडी."

"परीताई, हिला घालवू नकोस," मैना म्हणाली. "घरात तेवढं पीठ असू दे. चिमण्या येतात."

परी खुदकन हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

सावलीचा हात धरून मैना घरी आली. पिठाचा डबा काठोकाठ भरला होता. पण ती आधी आबांकडे गेली.

"आबा, मला रडू येतंय."

"ये," म्हणत आबांनी सूप बाजूला ठेवलं.

ही गोष्ट काल लिहून झाली. आज सकाळी जाग आली तर माझी सावली उशाशी बसलेली. आई चहा गाळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "आई, थोडं बोलायचंय."