आधी पाणी सोड

"पण सर, पाणी सोडायचं कधी, तेवढं सांगा ना!"

शलाकानं तिसऱ्यांदा विचारलं.  काशिनाथ तांडेल धक्क्यावर बसून थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

धक्क्याला त्यांचं पिवळं विमान बांधलेलं होतं. दोन माणसांचं. चाकांच्या जागी दोन फ्लोट, लांबट होड्यांसारखे. तांडेल सरांनी तीस वर्षं परदेशी बेटांवर असली विमानं उडवली होती. आता ते करवंदखोल धरणाच्या पाण्यावर शिकवत. म्हणजे, शलाकाच्या मते, गप्प बसत.

आज गप्प बसायची वेळ नव्हती. सव्वानऊ वाजले होते. अकरा वाजता पलीकडच्या खोऱ्यातल्या तलावावर परीक्षक येणार होते. लायसन्सची परीक्षा. आज हुकली तर पुन्हा वर्षानं.

आणि विमान पाणी सोडायला तयार नव्हतं.

वारा मेलेला. जलाशय आरशासारखा. दोनदा तिनं इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पुरता पुढे लोटला, आणि दोन्ही वेळा फ्लोट पाण्याला घोरपडीसारखे चिकटून राहिले. दुसऱ्या खेपेला तर धरणाची भिंत इतकी जवळ आली, की तिच्यावरची 'पोहण्यास सक्त मनाई' ही अक्षरं तिला वाचता आली. तेव्हा शेजारून सरांचा हात आला आणि त्यानं थ्रॉटल मागे ओढला.

"मी उठवलं असतं," ती म्हणाली होती.

"हो. आणि भिंतीनं उतरवलं असतं."

मग विमान धक्क्याला बांधून सर थर्मास घेऊन बसले होते.

आता त्यांनी पिशवीतून स्टीलचे दोन पेले काढले. धुऊन एकात एक घातलेले, ओलेच. ते तिच्यापुढे धरले.

"सोडव."

तिनं ओढले. मग दातओठ खाऊन ओढले. पेले हलेनात.

"सर, अहो, ही काय चहाची वेळ आहे?"

सरांनी पेले घेतले. वरचा पेला एका कडेला किंचित कलता केला. आत हवा शिरली. पेला निमूट सुटला.

...

"एक फ्लोट आधी!" शलाका ओरडली. "दोन्ही एकदम नाही ओढायचे. विमान जरा कलवून आधी एक सोडवायचा, मग दुसरा! हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

"परवा सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, सर, हे सगळं पुस्तकात आहे."

शलाका विमानाकडे वळली. 

"बरं, चला. आता उठेल."

"नाही उठलं तर?"

"उठेलच."

"मग नाही जायचं."

"का?"

सरांनी पेल्यात चहा ओतला.

"आधी पाणी सोड."

शलाकाच्या अंगाचा भडका उडाला.

"पाणी सोडू? परीक्षेवर? सर, एम.एस्सी. अर्धी टाकून आलेय मी इथं. घरी आत्या, काका, झाडून सगळे म्हणतात, पोरगी डबक्यात विमान घेऊन बसलीय. आता तुम्हीपण? आमच्या कशावरही पाणी सोडायचं म्हटलं, की तुम्हा मोठ्या माणसांच्या हातात बरा तांब्या सापडतो! मी नाही सोडणार."

"परीक्षेवर सोड असं कोण म्हणालं?"

"मग कशावर?"

सर वाकले. ओंजळभर पाणी घेतलं आणि जलाशयाच्या मध्याकडे बघत बोटांमधून सोडून दिलं. दान देताना सोडतात तसं.

...

ती त्यांच्या नजरेच्या वाटेनं बघत गेली. मध्यावर जॅकवेल उभी होती. गावासाठी पाणी उपसणारी सिमेंटची गोल विहीर, पाण्यातून मनोऱ्यासारखी वर आलेली. भिंत तिच्याही बरीच पलीकडे होती.

"जॅकवेल," ती हळूच म्हणाली. "तिथवर नाही उठलं, तर थ्रॉटल बंद. कितीही उठेलसं वाटलं तरी."

"हं." चहा तिला न देता सर स्वतःच प्यायले. "जा."

"आणि तुम्ही?"

"मी ब्याऐंशी किलोंचा. मला घेऊन काय उठतंय ते."

एकटी ती आधीही उडाली होती. पण वाऱ्याच्या दिवशी, पाण्यावर लाटा असताना. तेव्हा फ्लोटखाली हवा शिरायची आणि विमान आपसूक सुटायचं.

ती निघाली. फ्लोट पाण्यावरून घसरू लागले. वेग वाढला. तिनं विमान झुकवायचा दांडा उजवीकडे किंचित कलवला. डावा फ्लोट सुटला! उजवा अजून चिकटलेला... पण सैलावत होता. तिला तो आपल्याच तळपायासारखा कळत होता. आता सुटेल. आत्ता. फक्त एक क्षण.

जॅकवेल पंखाच्या रेषेत आली.

एकच क्षण!

तिनं थ्रॉटल बंद केला.

विमान धपकन पाण्यात बसलं. आसपास ऐकायला कोणी नसल्यामुळे शलाकानं एक सणसणीत शिवी हासडली. मग विमान वळवलं आणि आपण उठवलेल्याच लाटांवर डुचमळत परत आली. दहाला पाच कमी होते.

"सोडलं पाणी!" धक्का जवळ येताच इंजिन बंद करून ती खिडकीतून ओरडली. "जॅकवेलपाशी, बरोब्बर! उजवा सुटतच होता हो सर... सुटतच होता." तिनं खिडकीच्या कडेवर मूठ आपटली. "आता आणखी काय सोडू?"

सर तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या मागे, पार मध्यापर्यंत, आरसा फुटला होता. तिच्या लाटा पलीकडच्या काठावर आपटून परत येत होत्या, एकमेकींना छेदत होत्या. धक्क्याखाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं.

तिनं बांधण्यासाठी दोर पुढे केला. सरांनी तो घेतला नाही. एक पाय फ्लोटवर टेकवला आणि विमान परत पाण्याकडे ढकलून दिलं.

"तू सोडलंस ना? आता पाणी सोडेल."