येसू साळिंदरिणीच्या विहिरीतली खाण

एक होतं जंगल. जंगलात एक नदी होती आणि नदीकाठी तरसाचा कारखाना होता. तिथे हरणांच्या शिंगांवर धातूची चकाकी चढवून मिळे. उरलेलं काळं पाणी नदीत जाई. पुढे तरस मंत्री झाला, कारखाना बंद पडला आणि नदी स्वच्छ झाल्याचं जाहीर झालं.

या जंगलात पाणी तपासायची एकच रीत होती. बगळेसाहेब एका पायावर उभे राहून पाण्यात डोकावत. स्वतःचं तोंड नीट दिसलं, की पाणी उत्तम. बगळेसाहेबांना स्वतःचं तोंड आजवर कधी वाईट दिसलं नव्हतं.

मग राजेसाहेबांना, म्हणजे सिंहाला, नौकाविहाराची हौस आली. नदीला बांध घातला गेला. वर्षभरात काठावरच्या येसू साळिंदरिणीच्या धाकटीचे काटे गळू लागले.

येसूने शेजारच्या खेकड्याला विचारलं. त्याचं सारं आयुष्य नदीच्या तळाशी गेलेलं.

"वहिनी, तरसाचं विष कुठं गेलंच नव्हतं," तो म्हणाला. "गाळानं मुठीत धरून ठेवलेलं. पाणी अडवलं, तळाला हवा मिळेना, मूठ सुटली. आता ते मातीतून झिरपत तुमच्या विहिरीत येतंय."

येसू पोरीला आणि तांब्याभर पाणी घेऊन दरबारात गेली. बगळेसाहेब तांब्यात डोकावले आणि उत्तम म्हणाले. येसूने पोरीला पुढे केलं. जरा चुळबुळ झाली. तेव्हा तरसाने उठून खुलासा केला, की विहिरीत धातू असेल तर ती विहीर नव्हेच, खाण आहे, आणि खाणी सरकारच्या. धातू पोरीच्या पोटातही गेलेला असल्यामुळे तिचीही नोंद खाण खात्यात झाली. काटे गळण्याला 'मऊ पिढी अभियान' असं नाव मिळालं. टाळ्या पडल्या.

"मग राजेसाहेब, एक घोट घ्या की," येसू म्हणाली.

"घेतला असता, येसूबाई," राजेसाहेब हळहळले. "पण सरकारी मालमत्तेला तोंड लावणं आमच्या तत्त्वात बसत नाही."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर राजेसाहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याचा फलक लागला: 'पाणी शुद्ध आहे. पिऊ नये.'

येसू घागर घेऊन डोंगरावरच्या झऱ्याकडे निघाली. पोर आता टोचत नव्हती, त्यामुळे पहिल्यांदाच तिला कडेवर घेता आलं. एवढ्या उंचावर कोण मरायला येतंय, असं येसूला वाटलं होतं. पण वर रांग होती. तिच्या पुढे राजेसाहेबांचा आचारी, त्याच्या पुढे तरसाची बायको.

आणि सगळ्यांत पुढे बगळेसाहेब, झऱ्यात न डोकावताच कळशी भरत होते.