घाटापलीकडचं औषधाचं दुकान

खूप जुन्या काळी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात औषधाचं दुकान फक्त वैद्यांच्या सात घराण्यांनाच काढता येई. सातही दुकानं राजधानीत होती. घाटापलीकडच्या गावात कुणी आजारी पडलं, की औषध यायला दोन दिवस लागत. कधी कधी औषध पोहोचे, तेव्हा माणूस गेलेला असे.

त्या गावच्या सगुणाचा नवरा असाच गेला होता. मग तिनं राजधानी गाठली आणि एका वैद्यांकडे औषधं कुटायला राहिली. वीस वर्षांत कुठल्या मुळीनं काय बरं होतं आणि काय बिघडतं, हे ती पुरतं शिकली. पण घराणं नव्हतं, म्हणून दुकानही नव्हतं.

पुढे नवी राणी गादीवर बसली. तिनं दवंडी पिटवली, "आजपासून औषधाचं दुकान कुणीही काढावं."

घाटापलीकडे धर्माशेट नावाच्या किराणा व्यापाऱ्यानं लगेच दुकान थाटलं आणि सगुणाला बोलावून घेतलं. गावाचे हेलपाटे वाचले. सगुणालाही वाटलं, आपलं शिकणं सार्थकी लागलं.

एके दिवशी शेवंता आली. तिला सातवा महिना होता आणि खोकला थांबत नव्हता.

शेट म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या बरणीतलं चूर्ण दे. कधीचं पडून आहे."

"शेटजी, ते फार उष्ण आहे. पोटुशीला चालायचं नाही."

"दुकान माझं आहे, सगुणाबाई."

"दुकान तुमचंच आहे. पण पोर तिचं आहे."

तिनं शेवंताला गरम पाण्यातून मध घ्यायला सांगून घरी पाठवलं. शेटनं सगुणाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून बजावलं.

काम गेल्याचं सगुणाला फारसं वाटलं नाही. पण उद्या शेटचा हात कोण धरणार? ती पायीच राजधानीला निघाली.

दरबारात तिची हकिगत ऐकून वैद्य म्हणाले, "आम्ही सांगतच होतो. जुनाच नियम बरा होता."

राणीनं विचारलं, "तुझंही तेच म्हणणं आहे का?"

सगुणाला घाटाकडे डोळे लावून बसलेला नवरा आठवला.

"नाही, राणीसाहेब. मग आमची माणसं पुन्हा वाट बघत मरतील. दुकान कुणाचंही असू द्या. पण कुठलं औषध द्यायचं, कुठलं नाही, हे जाणत्या माणसानंच ठरवावं. तिथं मालकाचं चालू नये."

राणीनं तोच कायदा केला. वैद्यांनी सगुणाची परीक्षा घेतली आणि तिला जाणतेपणाचं पत्र दिलं.

ती धास्तावतच गावी परतली. आपल्यामागे काय काय घडलं असेल? दुकान बंद होतं आणि शेट पायरीवर बसला होता.

"तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी एक जण तान्ह्या मुलासाठी औषध मागायला आला," तो म्हणाला. "दोन बरण्या पुढ्यात घेतल्या. कुठली खरी, कळेना. शेवटी बापलेकांना माझ्या घोड्यावरून राजधानीला धाडलं. पोर बचावलं. तेव्हापासून कुलूप उघडलेलं नाही."

सगुणानं त्याला नवा कायदा वाचून दाखवला. शेट रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि खांदे सैल सोडले.

"बरं झालं. ते ओझं मला पेलणारं नव्हतं," म्हणत त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. सगुणाच्याही छातीवरचा भार उतरला.

दीड महिन्यानं शेवंताला मुलगी झाली. मायलेकी ठणठणीत होत्या.

तात्पर्य : दुकान कुणाचंही असो, औषधाचा निर्णय जाणत्याच्याच हाती असावा.