बिनटेकूची फळी

फार पूर्वी एका वैद्यांच्या घरात समोरासमोर दोन फळ्या होत्या. जुनी फळी दोन लाकडी टेकूंवर बसलेली होती आणि तिच्यावर काढ्यांच्या बरण्या असत. नवी मात्र भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसे. खाली टेकू नव्हता, वर साखळी नव्हती, तरी जड दगडी खल ती सहज पेलत असे.

आलेले रोगीही दुखणं विसरून तिच्याकडे बघत राहत. ते पाहून जुनीचा जळफळाट होई. एकदा ती टेकूंना म्हणाली, "तुमच्यामुळे मी लंगडी दिसते. निघा इथून."

"बाई, बरण्या भरलेल्या आहेत," थोरला टेकू म्हणाला.

"तिला कुठे कोण लागतं? मलाही नको."

रोजचे टोमणे ऐकून टेकू कंटाळले आणि एक दिवस खाली उतरले. त्यासरशी फळी कोसळली. बरण्या फुटून वर्षभराचे काढे जमिनीवर वाहिले.

पडल्या पडल्या तिने विचारलं, "तू कशी गं राहतेस, कुणाच्या आधाराशिवाय?"

"अगं, माझ्या पोटातले लोखंडी गज भिंतीच्या दगडात हातभर आत रुतलेत," नवी म्हणाली. "आधार नाही असं मी कधी म्हटलं? तू नुसती बघत राहिलीस. विचारलंस ते आज."