गोजराबाईच्या खुंटीची कहाणी

ऐका बायांनो, गोजराबाई कासारणीची कहाणी.

म्हातारी मेली आणि तिला कुणीतरी चोरलं. बाहेरच्यानं नव्हे, घरातल्यानंच. नाव घ्यायचं नाही. ज्यानं चोरलं त्याला ठाऊक आहे. लुगडी जागच्या जागी राहिली, पितळेचा डबा राहिला, गेली ती म्हातारी. तिच्या जागी एक गरीब गाय आणून बांधली, आणि हीच ती म्हणून लोकांना दाखवली.

कशी, ते ऐका.

आटपाट म्हणतात तसलंच एक नगर, तिथं कासाराचं घर. त्या घरी गोजराबाई लहानपणीच सून होऊन आली, सासऱ्याच्या घोड्यावर, बांगड्यांच्या गाठोड्याशेजारी बसून. नवरा तरणाच गेला. पदरात तीन मुलगे. मग तिनं काय केलं? बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या नि बाजार धरला. एकदा नदीला पूर आला, तर म्हशीचं शेपूट धरून पलीकडं गेली. ओलीचिंब बाजारात बसली आणि ओरडली, "घ्या गं बायांनो, आजचा माल धुऊन आणलाय!" हसायची अशी, की वेशीवरची कुत्री भुंकायला लागायची. अशी जगली, पुष्कळ जगली. आजीचे हात भरले, लेकीचे भरले, नातीचेही भरले.

मग म्हातारी अंथरुणाला खिळली. तिन्ही सुनांना जवळ बोलावलं. थोरली यमाई, मधली चिमा, धाकटी ठकू. म्हणाली, "पोरींनो, वसा देते, घ्याल का? कुणाचा चुडा भरायला बसलात की माझी एक गोष्ट सांगत जा. होती तशी सांगा. तिला सोवळं नेसवू नका."

यमाई रडत म्हणाली, "घेते." चिमा रडत म्हणाली, "घेते." ठकूनं विचारलं, "त्यानं काय होतं, सासूबाई?"

"भरणाऱ्या बाईचा हात सैल पडतो. दुसरं काय व्हायचंय? तू म्हणजे प्रश्नांचं पोतंच आहेस बाई." एवढं म्हणून म्हातारी हसली, आणि हसता हसताच गेली.

मग माणसं समाचाराला आली. यमाईनं विचार केला, चार लोकांत ती म्हैस, तो पूर, ते हसणं शोभेल का? नाही शोभायचं. ती म्हणाली, "सासूबाई फार सोशिक हो." चिमा म्हणाली, "कधी मान वर केली नाही." पुढं बाजारात बांगड्या भरतानाही दोघी तेच सांगू लागल्या. ठकू ऐके आणि गप्प राही. जावांपुढं धाकटीनं बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत.

मग काय झालं? सोशिक सासूची गोष्ट ऐकली की गिऱ्हाइकाचा चेहरा पडे. चेहरा पडला की हात आखडे. हात आखडला की बांगडी फुटे. फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. पण तसं म्हटल्यानं काच काही सांधत नाही. एका बाजारी वाढवल्या, दुसऱ्या बाजारी वाढवल्या, तिसऱ्या बाजारी गिऱ्हाईकच आलं नाही. घरची चूल दिवसातून एकदाच पेटू लागली.

अशात राजाच्या लेकीचं लग्न निघालं. लांबच्या मुलखात दिलेली. चुडा भरायला कासाराच्या तिघी सुना वाड्यावर गेल्या. चौकात बायकाच बायका. राजाची बहीण तेवढी दाराआड बसलेली. ती लहानपणी विधवा झालेली, शुभकार्यात तिची जागा तीच.

यमाईनं राजकन्येचा हात धरला. "सासूबाई फार सोशिक हो." पहिली बांगडी वाढवली.

चिमानं हात धरला. "कधी मान वर केली नाही." दुसरी वाढवली.

राणी उठून उभी राहिली. "नवरीच्या चुड्याला हा अपशकुन! तिसरी वाढवलीत, तर उद्या तुमचं बिऱ्हाड या नगरात दिसायचं नाही."

मग ठकू पुढं सरकली. राजकन्येचा हात गार, मूठ लाकडासारखी. खरं सांगावं, तर जावा तिला घरात ठेवायच्या नाहीत. न सांगावं, तर राणी नगरात ठेवायची नाही. तिनं मूठ आपल्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ताईसाहेब, आमच्या सासूबाई सोशिक नव्हत्या. भलत्याच द्वाड होत्या."

"ठके!" यमाई ओरडली.

"बोलू दे तिला," राजकन्या म्हणाली.

"मामंजी गेले, तेव्हा बायकांनी सासूबाईंच्या बांगड्या वाढवल्या. तेरावा झाला, आणि सासूबाई बाजारात येऊन बसल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवेगार! शेजारीण म्हणाली, 'अगं गोजरे, नवरा गेला नि हातात बांगड्या?' सासूबाई म्हणाल्या, 'हात कुठाय? ही दुकानाची खुंटी आहे. माल टांगलाय.'"

राजकन्येच्या ओठाचा कोपरा हलला. "मग?"

"मग कोतवाल आला. 'काढ त्या बांगड्या,' म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, 'खुंटीवरचा माल गिऱ्हाइकासाठीच काढते मी. बसा, मनगट बघू.' आणि धरला की त्याचा हात, चढवली एक!"

"कोतवालाला?"

"चढली, पण उतरेना! भर बाजारात तेल लावून ओढत होते त्याला."

राजकन्या खळखळून हसली. हसता हसता मूठ सुटली, बोटं मऊ पडली, आणि हिरवी बांगडी सळकन मनगटावर गेली. मागोमाग दुसरी, मागोमाग तिसरी. चुडा भरून झाला. राणी तोंडाला पदर लावून हसत होती. चिमा हसली. यमाईनं नाक मुरडलं, मग तिलाही आवरेना.

ठकू म्हणाली, "ती खुंटी जन्मभर कधी रिकामी नव्हती, ताईसाहेब."

राणीनं तिघींची ओटी भरली. घरची चूल पुन्हा दोन्ही वेळा पेटली.

हा वसा कुणी घ्यावा? ज्या घरातून म्हातारी गेली, त्या घरानं घ्यावा. काय करावं? दिवा लावावा, माणसं जमवावी, तिची एक गोष्ट होती तशी सांगावी. ठकूला जशी तिची म्हातारी परत मिळाली, तशी तुम्हाला तुमची मिळो. द्वाड असेल तर द्वाड, हसरी असेल तर हसरी. मोठ्या जन्माची कहाणी लहान तोंडानं सांगितली, ऐकतीला फळो, सांगतीला फळो, इथं पुरी झाली.

पुरी झाली म्हणून तिकडं वाड्यावर ठकू माळा आवरायला लागली, तोच दाराआडची राजाची बहीण बाहेर आली. सगळ्या बायकांच्या देखत चौकात येऊन बसली, दोन्ही हात ठकूपुढं धरले आणि म्हणाली,

"माझ्याकडंही दोन खुंट्या आहेत, पोरी. कधीच्या रिकाम्या पडल्यात."